पुढच्या रांगेतला कोट

अल्बमच्या सतराव्या पानावर माझी बायको बसलेली होती. तोंडाच्या जागी कागदी गुलाब चिकटवलेला, त्यामुळे नाक-डोळे दिसायचा प्रश्नच नव्हता. पण उजवं पाऊल चपलेतून काढून डाव्या पावलावर ठेवलेलं होतं, आणि चौतीस वर्षं ते पाऊल मी तसंच ठेवलेलं बघत आलोय. दवाखान्यात, बँकेत, माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमातसुद्धा. मी पान उलटलं. अठराव्यावर पिवळी कमान होती, एकोणिसाव्यावर कारंजं. कारंज्याकडे मी बराच वेळ बघत बसलो, जणू मला कारंजंच हवं होतं. मग हळूच दोन पानं मागे आलो. पाऊल जागेवर होतं. पर्सचा बंद मनगटाला दोन वेढे घालून धरला होता. बसमध्ये एकदा पर्स मारली गेल्यापासून ही दोन वेढे घालते. तिसरा घालत नाही, कारण बंद पुरत नाही.

"निवांत बघा साहेब," समोर बसलेला डेकोरेटर म्हणाला. गळ्यात मोजपट्टी, डॉक्टरच्या नळीसारखी. "तोंडांवर फुलं लावलीत ती आमची पद्धत. स्टेज दाखवायचं, गिऱ्हाईक नाही दाखवायचं. लोकांना उगाच वाटतं, आपलं लग्न कोण कोण बघतंय." मी म्हटलं, छान पद्धत आहे. माझा आवाज नेहमीसारखा आला याचं मला नवल वाटलं. आतल्या खोलीत बायको आणि धाकटी कापडाचे तुकडे उजेडात धरून बघत होत्या, धाकटी म्हणत होती, "आई, हा रंग म्हणजे आजारी माणसाची जीभ." लग्न धाकटीचं. दोन महिन्यांवर आलेलं. आणि मी इथे, काचेच्या टेबलाशी, चहाचा कप निवत ठेवून बसलेला, हॉलसाठी कमान निवडायच्या कामावर नेमलेला. कपातल्या चहावर साय धरायला लागली होती. ती कडेपासून मध्यापर्यंत कशी येते ते मी बघितलं.

हा तिसरा डेकोरेटर. पहिल्याने सगळं पडद्यावर दाखवलं होतं. बोट फिरवलं की हॉल निळा, पुन्हा फिरवलं की सोनेरी. हिने एकच विचारलं, "खुर्च्या कुठे आहेत?" तो म्हणाला, खुर्च्या नंतर टाकू. जिना उतरताना ही म्हणाली, "माणसं कुठे बसणार ते ज्याला ठाऊक नाही, तो कसला डेकोरेटर!" दुसरे नवरा-बायको होते, एकाच रंगाच्या काड्यांचे चष्मे लावणारे. दर वाक्यात 'फील' आणायचे. प्रवेशाला वेगळा फील, जेवणाला वेगळा, हात धुवायच्या जागेलासुद्धा. हिने त्यांना दहा मिनिटांत नापास केलं. कारण काय, तर त्यांच्या टेबलावरचं रोप प्लास्टिकचं होतं. तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. आमच्या घरात प्लास्टिकची दोन रोपं आहेत आणि ही दर रविवारी ती ओल्या फडक्याने पुसते. पण मी मनातल्या मनात हसलो, बायकांचं हे असंच, म्हणून सोडून दिलं. मग ही म्हणाली, "बाजारामागे एक आहे म्हणतात. बघू या का?" इतक्या सहज म्हणाली, की मला वाटलं तो तिला आत्ताच आठवला.

मी आयुष्यभर गोदामं तपासली. वहीत लिहिलेला माल जमिनीवर आहे की नाही एवढंच बघायचं, बाकी काही नाही. एकतीस वर्षं. गोदामवाले मला पाठीमागे 'मुंगी' म्हणायचे. कुठेही लपवा, मुंगी पोचते. मला ते आवडायचं. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कुणीतरी ते बोलूनसुद्धा दाखवलं आणि मी उठून हात जोडले. आता मुंगी सतराव्या पानावर पोचली होती आणि तिला पुढे सरकता येत नव्हतं. सवयीने मी पुढची रांग मोजली. सात खुर्च्या, सहा माणसं. बायकोशेजारी निळ्या ड्रेसमधली मुलगी, मागे वळून कुणाला तरी हाक मारत असलेली, त्यामुळे तिच्या तोंडावर फूल लावायची गरजच पडली नव्हती. पाठीवर दुहेरी नाडी, तिला काचेचे मणी. तो ड्रेस मी आणला होता. धाकटीच्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न, म्हणून. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दुकानात तिने नको नको म्हटलं आणि मी हट्टाने घेतला, आणि घरी येताना ती रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं होतं, पोरगी भारावून गेली.

मग मी वर, स्टेजकडे बघितलं. आधी बघायला हवं होतं. पण मी नेहमी खालून वर मोजत जातो. नवरा-नवरीच्या तोंडांवर मोठी फुलं होती. नवरीचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता, बोटभर. माझाही तसाच आहे. लहानपणी तिला मी भिंतीला टेकवून उभं करायचो आणि ती म्हणायची, "बाबा, भिंत वाकडी आहे." नवरा इतका काटकुळा, की हात वर केल्यावर घड्याळ कोपराकडे घसरलेलं. आमची मोठी मुलगी. आणि तिचा तो गोदामपाल.

मला सांगण्यात आलं होतं की त्यांनी सह्या केल्या. कचेरीत जाऊन दोन सह्या, तीन साक्षीदार, संपलं. सात वर्षं माझ्या डोक्यात ते लग्न तसंच होतं: एक टेबल, एक पेन, भिंतीवर कॅलेंडर. मी त्यात कधीकधी भरही घालायचो; पेन चालत नाही, मोठी ते झटकते आहे, असं. आणि इथे तर कमान होती, पांढरी, वरपासून खालपर्यंत फुलांची. पायघड्या होत्या. मागच्या रांगेत कोणीतरी मूल खांद्यावर घेऊन उभं होतं. बायकोच्या दुसऱ्या बाजूला, एक खुर्ची सोडून, बाह्या दुमडलेला, पोट सुटलेला माणूस होता, तो माझा मेव्हणा. त्या आठवड्यात ह्या दोघी मायलेकी त्याच्याकडेच गेल्या होत्या. त्याचा मोतीबिंदू काढायचा होता ना! माझ्यासाठी तीन दिवसांचं जेवण डब्यांतून भरून, डब्यांवर वार लिहून ठेवला होता. मी फोन करून विचारलंसुद्धा, कुठला डोळा. मेव्हणा म्हणाला, डावा. थेंब घालायच्या वेळाही त्याने सांगितल्या. मागच्या वर्षी त्याचं खरोखरीच ऑपरेशन झालं, तेव्हाही म्हणाला डावा, आणि मी हसून म्हटलं होतं, "तुझ्या डाव्या डोळ्याला दोन-दोन मोतीबिंदू, चैन आहे!" तो हसला नाही. ही उठून पाणी आणायला गेली. मी, मुंगी, तिथेच बसून आपल्या विनोदावर खूश.

गोदामपालाचं प्रकरण फार मोठं नव्हतं. त्याच्या गोदामात एकेचाळीस पोती कमी भरली. मी तूट लिहिली. दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला, छत्री दाराबाहेर ठेवून, आणि म्हणाला, "साहेब, छप्पर गळत होतं म्हणून पोती शेजारच्या शेडमध्ये हलवलीत. नोंद करायची राहिली, माझी चूक. पण पोती आहेत. एकदा चला, बघा." मी म्हटलं, "माझ्या वहीत शेजारची शेड नाही." हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. त्याची बढती गेली. तो आणखी तीनदा आला. मी भेटलो नाही, दार मोठीने उघडलं, चहाही तिनेच दिला. पोती दाखवायला आलेला माणूस मुलगी घेऊन गेला, असं मी लोकांना हसत सांगायचो, म्हणजे पहिले काही दिवस. घरात मी एकच वाक्य बोललो होतो: "ज्याच्या नावावर मी तूट लिहिली, त्याच्या लग्नात मी बसणार नाही." बायको तेव्हा कांदा चिरत होती. ती काही बोलली नाही, आणि मी ते संमती म्हणून धरलं. मोठीने मात्र विचारलं, "बसणार नाही, की येणारही नाही?" ती असलं काहीतरी विचारायचीच.

"हे आवडलेलं दिसतंय," डेकोरेटर टेबलावरून वाकून म्हणाला. "जुनं काम आहे, पण पांढऱ्याला मरण नाही."

काहीतरी बोलायला हवं होतं. "ही खुर्ची रिकामी का?" मी विचारलं.

त्याने मांडीवर थाप मारली. "बरोबर बोट ठेवलंत! अहो, माझा नियम आहे. पुढच्या रांगेत खुर्ची रिकामी दिसली, की पंधरा मिनिटांत उचलायची. फोटोत नवरीच्या आधी ती दिसते. इथे उचलायला गेलो, तर मुलीची आई म्हणाली, राहू दे भाऊ, ह्यांची आहे, ते गाडी लावायला गेलेत. बरं. अर्ध्या तासाने गेलो. गाडी लावायला गेलेत. जेवणं सुरू झाली. गाडी लावायलाच! शेवटी मीच म्हटलं, ताई, गाडी आहे की जहाज?" तो डोळे पुसत हसला. "चार तास, साहेब! जेवणवाले, फोटोवाले, सगळ्यांना कळलं. आजही आमच्यात कुणी उशिरा आला, की आम्ही विचारतो, काय रे, गाडी लावत होतास?"

मी हसलो. माझं हसणं मला शेजारच्या टेबलावरून आल्यासारखं ऐकू आलं. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती. मला चालवताही येत नाही. होती ती एक स्कूटर, ती लावायला दीड फूट जागा पुरते. सात वर्षं गावातले सगळे मांडववाले माझ्यावर हसत होते आणि मी रोज संध्याकाळी त्याच बाजारातून भाजी घेत होतो. कदाचित यांच्यापैकीच कुणीतरी मला वाट दिली असेल, "या काका" म्हणून.

"मग आले का ते? शेवटी?"

"कोण, वडील? छे. कोट आला." त्याने नखाने फोटोवर टकटक केलं. "हा बघा. पाठीवर लटकवलेला. मुलीच्या आईने पिशवीतून काढून स्वतः घातला खुर्चीला, खांदे नीट करून. म्हणजे जागा धरायला, असं वाटलं मला. मग ग्रुप फोटोच्या वेळी नवरी खाली उतरली. कमानीच्या थर्माकोलचा भुगा सगळीकडे उडत होता. तिने कोटाच्या खांद्यांवरचा झटकला. असा. हलक्या हाताने, माणसाचा झटकावा तसा. आमचा फोटोवाला पक्का आहे, असलं काही सोडत नाही. त्याने कॅमेरा खाली ठेवला." तो फोटोवर आणखी वाकला. "तपकिरी कोट होता. कोपरांना चामड्याच्या चकत्या. एक चकती गडद, एक—"

तो माझ्या कोपराकडे बघत होता. कोपर टेबलावर होतं, काचेत त्याचं उलटं कोपर दिसत होतं. गडद चकती डावीकडे. मूळची हरवली तेव्हा शिंप्याकडे तो रंग नव्हता. मी हात मांडीवर घेतला, पण आता त्याने काय होणार? डेकोरेटरने गळ्यातली मोजपट्टी काढली आणि गुंडाळायला लागला, फार बारकाईने, जणू तिच्यावर काही लिहिलेलं होतं.

सात वर्षांपूर्वी हा कोट तीन दिवस लाँड्रीत अडकला होता. मी चौथ्या दिवशी जाऊन लाँड्रीवाल्याला चार माणसांत झापला. तो बिचारा म्हणाला, "साहेब, तुमचा कोट आमच्याकडे आलाच नाही." मी म्हटलं, खोटं बोलायला लाज वाटत नाही? घरी आलो तर कोट कपाटात होता. ही म्हणाली, आत्ताच त्याच्या माणसाने आणून टाकला. मी लाँड्री बदलली. गेली सात वर्षं मी दहा मिनिटं जास्त चालून दुसऱ्या लाँड्रीत जातो, आणि जुना लाँड्रीवाला रस्त्यात दिसला की मान वळवतो. खिशात तेव्हा थर्माकोलचे दोन पांढरे मणी सापडले होते. ते मी तळहातावर घेऊन खिडकीशी उभा राहिलो होतो, आठवतंय. हे कुठून आले, म्हणून. मग फुंकर मारली. आता अंगात तोच कोट होता आणि खांद्यांवर, दोन्ही खांद्यांवर, मला काहीतरी जाणवत होतं. स्पर्श म्हणता येणार नाही. स्पर्श होऊन गेल्यावर कातडीला जे राहतं, ते. ती मला झटकून गेली होती आणि मी तिथे नव्हतो.

आतून ही आली. हातात मोतिया रंगाचं कापड. तिने आधी उघडं पान बघितलं, मग मला, मग डेकोरेटरला. दचकली नाही. मागे वळून धाकटीला म्हणाली, "सापडलं ह्यांना."

"तुला ठाऊक होतं हे पान इथे आहे?"

"पान ठाऊक नव्हतं. असेल असं वाटलं." ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिचं उजवं पाऊल चपलेतून निघालं. "मला सांगता आलं नसतं हो. सात वर्षं रोज सांगायला बसायचे आणि भाजी निवडून उठायचे. तुमच्यापुढे काही मांडून ठेवलं, की तुम्ही मोजताच. म्हटलं, मोजू देत."

"बाबा, ओरडायचं असेल तर घरी ओरडा," धाकटी म्हणाली. "इथे सगळी काच आहे."

मला ओरडायचं नव्हतं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाकी जे आहे ते आहे ना. हे टेबल, ही धाकटी, हा मंगळवार. बायकोकडे बघताना मला पहिल्यांदाच वाटलं, ह्या बाईच्या घरात मी इतकी वर्षं पाहुणा म्हणून राहिलो. वेळेवर जेवण, धुतलेले कपडे, आणि आतल्या खोल्यांना कुलूप. कुलूप मीच लावलं होतं, हेही लगेच दिसलं. पण ते दिसून काही बरं वाटलं नाही.

डेकोरेटर खाकरला. त्याला खोलीतून पळून जायचं होतं आणि खोली त्याचीच होती. त्याने वही ओढली. "पुढच्या रांगेच्या खुर्च्यांना मी चिठ्ठ्या लावतो. कोण कुठे ते. तुमच्या बाजूने… किती धरू?"

"सहा," ही म्हणाली.

धाकटीने कापड टेबलावर टाकलं. "ताई नसेल तर मी स्टेजवर बसणार नाही. आत्ताच सांगते, उगाच फुलं वाया जायला नकोत. मी जाईन कचेरीत आणि सह्या करून येईन. ह्या वेळी खरोखर सह्या."

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. हॉलचा पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. मला एका क्षणात ते टेबल दिसलं, ते पेन, ते कॅलेंडर, सात वर्षं मी सजवत आलेलं. आणि ते रिकामंच होतं, आता त्यात धाकटी येऊन बसत होती. मी हिला विचारलं, "त्यांच्याकडे किती जण आहेत?"

तिने पर्सचा बंद सोडून परत गुंडाळला. "चार."

"चार?"

"मुलगा पाच वर्षांचा आहे. मुलगी आठ महिन्यांची." मग म्हणाली, "तिला खुर्ची लागत नाही."

एकतीस वर्षांत मी लाखो पोती मोजली असतील. दोन माणसं, दोन अख्खी माणसं, त्यांतलं एक पाच वर्षांचं, चालतं-बोलतं, माझ्या वहीत नव्हती. शेजारच्या शेडमध्ये होती. मी डोळे मिटले तर लाल अंधारात पांढरे ठिपके हलत होते.

"नऊ खुर्च्या," मी डेकोरेटरला म्हणालो.

त्याने आकडा लिहिला, पण पेन उचललं नाही. "येतील ना पण? नाही, विचारतो एवढंच. माझा तो पंधरा मिनिटांचा नियम आहे."

"आम्ही दोघींनी विचारून झालंय," धाकटी म्हणाली. "ती म्हणते, ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी विचारावं. बरोबरच आहे तिचं."

बायकोने फोन काढला, काहीतरी दाबलं आणि माझ्यापुढे धरला. पडद्यावर लिहिलं होतं: 'डोळ्यांचा दवाखाना'. दर रविवारी, रोपं पुसून झाली, की ही गॅलरीत जाऊन डोळ्यांच्या दवाखान्याशी बोलायची. मी एकदा म्हटलंही होतं, फार काळजी घेतात बुवा तुझ्या भावाची.

फोन घेऊन मी मागच्या बाजूला गेलो. तिथे खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत रचलेल्या होत्या, कमानींचे लोखंडी सांगाडे भिंतीला टेकवलेले होते, आणि जमिनीवर पांढरा भुगा होता. पंख्याने तो कोपऱ्यात गोळा होत होता आणि पुन्हा पसरत होता. चार वेळा वाजलं. मी मनात वाक्य तयार केलं, खोडलं, दुसरं तयार केलं.

"हां आई, बोल," मोठी म्हणाली. आवाज जाड झाला होता. मागे कुठेतरी डबा पडला, कोणीतरी खिदळलं.

"मी बोलतोय."

सगळं गप्प झालं. ते खिदळणंसुद्धा, बहुतेक तिने हाताने त्याचं तोंड झाकलं असावं. तयार केलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. मला जे सापडलं ते मी बोललो.

"गाडी लावायला जागा मिळत नव्हती."

मी सांगाड्याच्या लोखंडाला हात लावला, ते गार होतं. मग ती बोलली, आणि तो सूर मी ओळखला. माल समोर असताना मी गोदामपालांना ज्या सुरात विचारायचो, तो. फक्त तिचा शेवटाकडे जरा तुटत होता.

"कोण बोलतंय नक्की? तुम्ही, की कोट?"

आणि मी, एकतीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासलेला माणूस, उत्तर देण्याआधी खात्री करून घ्यायला खाली बघितलं.